अष्टमीचे केळसकर

पत्र हातात द्यायच्या आधी ते पत्ता मोठ्याने वाचत. समोर तुम्ही उभे, दारावर तुमच्या नावाची पाटी, गेली बारा वर्षं रोज एकमेकांची तोंडं पाहताय, तरी ते कपाळावरचा चष्मा नाकावर ओढणार आणि नावापासून ‘जिल्हा रायगड’पर्यंत सगळं खणखणीत वाचणार. मग विचारणार, "आपनच ना?" आपण हो म्हटलं की मगच पत्र त्यांच्या बोटांतून सुटायचं. माझी बायको एकदा वैतागून म्हणाली, नाही हो, मी त्यांची मावशी. तर त्यांनी पत्र शांतपणे पिशवीत परत टाकलं आणि सायकलला टांग मारली. बिचारीला कोपऱ्यापर्यंत मागे पळावं लागलं.

तुमच्याही आळीत असा एखादा पोस्टमन असेल, किंवा होता असं म्हणूया. आमच्या पेणच्या आळीत सगळे त्यांना भाऊ म्हणत. वडखळच्या पुढे खाडीकडच्या एका गावात त्यांचं घर. वडील, काका, दोन्ही धाकटे भाऊ, सगळे मिठागरावर राबणारे. शिकून सरकारी नोकरीत लागलेले हे घरातले पहिले. त्या नोकरीचा त्यांना असा काही अभिमान होता की अर्धवट पत्त्याचं, पावसात भिजून शाई फुटलेलं पत्रसुद्धा ते माणसापर्यंत नेऊन सोडत. "मानूस हाय तर घर हाय," असं म्हणायचे, "आनि घर हाय तर सापडनारच."

मी तेव्हा पेणच्या एका शाळेत शास्त्र शिकवत होतो. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं ती. घरोघर केबल टीव्ही येत होता आणि रेडिओ फडताळाच्या वरच्या फळीवर जाऊन बसत होता. नेमकं त्याच वेळी मला रेडिओवर लिहायची संधी मिळाली. जुन्या गाजलेल्या परदेशी विज्ञान कादंबऱ्यांची मराठीत श्रुतिका करायची, दर गुरुवारी संध्याकाळी साडेसातला अर्धा तास, शेवटची पाच मिनिटं श्रोत्यांच्या पत्रांना. मुंबईच्या केंद्रावरच्या निर्मात्या बाईंना माझा एक लेख आवडला होता, एवढ्यावर हे काम माझ्याकडे आलं. मी हुरळून गेलो, हे कबूल करतो. नावाआधी ‘लेखक’ लावायची घाई झाली होती मला.

पहिला भाग लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी शाळेत छाती काढून गेलो. मुख्याध्यापक म्हणाले, आवाज छान होते, मला झोप लागली. आमच्या आळीत गणपतीचे कारखाने. तिथले कारागीर म्हणाले, गोष्ट कळली नाय, पण ते यानाचं घूंऽघूं चालू होतं तोवर रंगाला हात बरा बसला. शेजारच्या काकूंनी विचारलं, ह्याच्यासाठी भजनं बंद केली का हो?

आणि दुपारी भाऊ आले. माझ्या नावाचं काहीच नव्हतं त्या दिवशी. नुसते आले, सायकल भिंतीला टेकवली आणि म्हणाले, "मास्तर, एक विचारू?"

कादंबरीत एक यान लांबच्या ग्रहावर जातं. आतल्या माणसाला वाटतं आपण वर्षभरात परतलो, पण पृथ्वीवर शंभर वर्षं उलटलेली असतात. भाऊंना त्या विज्ञानात काडीचाही रस नव्हता. त्यांचा प्रश्न होता, "शंभर वर्सांची त्याची टपाल कुठं ठेवली?" मी हसलो. ते हसले नाहीत. पोस्टात सात दिवस ठेवतात, म्हणाले, मग पाठवणाऱ्याकडे परत. इथे पाठवणारेही मेलेले. म्हणजे त्याची आई दर महिन्याला लिहीत असणार आणि ती सगळी पत्रं कुठल्या तरी कपाटात पडलेली असणार, आणि हे तुमच्या गोष्टीत कुणीच विचारत नाही. रात्रभर त्यांना ते कपाट दिसत होतं.

मी हा प्रसंग स्टाफरूममध्ये रंगवून सांगितला. सगळे पोट धरून हसले. तेव्हा लाज वाटली नाही. आज वाटते ती तिथपासूनची आहे.

दीड महिन्याने बाईंचं पत्र आलं. भाऊंनीच आणून दिलं, पत्ता वाचून. बाईंनी लिहिलं होतं की सहा भागांवर मिळून चार पत्रं आली आहेत. त्यातल्या एकात भातावरच्या करप्याला औषध विचारलंय, दोघांना नाट्यसंगीत हवंय, आणि चौथं दुसऱ्याच कार्यक्रमाचं आहे. श्रोत्यांचा प्रतिसाद नसेल तर पुढची कादंबरी वरून मंजूर होणार नाही.

मी भाऊंना म्हटलं, तुम्ही लिहा ना एक पत्र. ते कानाला हात लावून म्हणाले, आमचं काम पोचवायचं, लिहायचं नाय. ऑफिसातले टपाल निवडणारे सॉर्टर लोक आधीच त्यांची टर उडवत होते. भाऊंनी कुणाशी तरी गोष्टीचा विषय काढला होता, तेव्हापासून रोज सकाळी कुणी ना कुणी विचारायचं, चंद्रावरची थैली आली का हो? कार्ड पाठवलं असतं तर पेटीतून काढल्या काढल्या त्याचं जाहीर वाचन झालं असतं.

मग मी केळसकरांना जन्माला घातलं.

वामन केळसकर, रोहे-अष्टमी. रोह्याला लागून नदीपलीकडची अष्टमी, पेणपासून लांब, म्हणून ती निवडली. डाव्या हाताने, हिरव्या शाईने लिहायला बसलो. आणि गंमत पाहा, इतका मोठा लेखक मी, श्रोता काय म्हणेल हे मला सुचेना! तासभर कोऱ्या कार्डाकडे बघितलं आणि शेवटी भाऊंचंच बोलणं उचललं. शंभर वर्षांच्या टपालाचं, आईच्या पत्रांचं, कपाटाचं. शुद्ध भाषेत, स्वल्पविराम देऊन. रविवारी नागोठण्यावरून जाणाऱ्या एसटीत बसलो आणि अष्टमीच्या पेटीत ते टाकून आलो, म्हणजे शिक्का तिकडचा पडेल. इतका विचार मी माझ्या एकाही श्रुतिकेवर केला नसेल.

त्या गुरुवारी बाईंनी ते पत्र रेडिओवर अख्खं वाचलं. वाचताना त्यांचा आवाज बदलला. असा एक श्रोता असला तरी कार्यक्रमाचं चीज झालं, असं त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी भाऊ नेहमीच्या वेळेच्या तासभर आधी दारात. घामाघूम झालेले. चेहरा असा फुललेला की मला वाटलं मुलाला नोकरी लागली.

"मास्तर," ते म्हणाले, "अष्टमीला एक मानूस हाय."

त्यांना संशय आला नाही. तुम्ही म्हणाल, कसा येणार नाही, त्यांचंच वाक्य होतं. पण ज्या माणसाने तीस वर्षं दुसऱ्याचं पत्र उजेडाकडे धरूनही पाहिलं नाही, त्याच्या डोक्यात हे येत नाही. त्यांना एवढंच कळलं की आपल्याला जे वाटलं तेच आणखी एकाला वाटलं. मी म्हटलं, माझ्याशी बोलता की तुम्ही. त्यावर ते म्हणाले, तुम्ही लिहिणारे. ऐकणारा बरोबरीचा पाहिजे.

तिथेच सांगायला हवं होतं. हसून म्हणायला हवं होतं की अहो भाऊ, ते तुम्हीच. मला वाटतं त्यांनी माफ केलं असतं. पण मी म्हणालो, "वा, छान झालं."

मग तो धंदाच झाला. शुक्रवारी भाऊ येऊन बोलायचे, रविवारी केळसकर लिहायचे, पुढच्या गुरुवारी बाई वाचायच्या. दुसरी कादंबरी मंजूर झाली. तिच्यात जगात एकच माणूस उरतो आणि तो ओसाड शहरांतून हिंडत राहतो. भाऊ त्याच्यावर चिडले होते. दुकानं फोडून डबे खातो, गाड्या चालवतो, पण एकदाही कुणाला पत्र लिहीत नाही. मिळो न मिळो, लिहून पेटीत टाकायला काय जात होतं त्याचं? केळसकरांच्या हिरव्या शाईत हे असं काही उतरलं की बाईंनी त्या भागानंतर गाणं वाजवलंच नाही. केंद्रावर वरिष्ठांनी ते पत्र मागून घेतलं म्हणे. मला तिसऱ्या कादंबरीचं विचारलं गेलं.

बायकोने हिरव्या शाईची दौत पाहिली आणि सगळं ओळखलं. ती फार बोलणारी बाई नाही. एवढंच म्हणाली, "त्यांना सांगून टाका." मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात.

पण इकडे भाऊंनी शोध सुरू केला होता. अष्टमीच्या पोस्टमनला निरोप पाठवला, केळसकरांचं घर कुठलं ते कळव. त्याने कळवलं, या नावाचं इथे कुणी नाही. भाऊ भडकले. वीस वर्षं त्या भागात टपाल वाटतोस आणि रेडिओवर ज्याचं नाव येतं तो माणूस तुला माहीत नाही? दोघांची इतकी जुंपली की रोह्याच्या पोस्टमास्तरांपर्यंत गेलं. मग भाऊ स्वतः गेले. सुट्टीच्या दिवशी, गणवेश घालून, दारोदार. केळसकर नाहीत तर केळकर असतील, भाडेकरू असतील, कुणाकडे शिकायला राहिलेले असतील. एका घरात त्यांना वाटलं, सापडले. पण त्या आजोबांना ऐकूच येत नव्हतं.

दुसऱ्यांदा हात हलवत परत आले तेव्हा ते पायरीवर बसले. आमच्या पायरीवर ते कधी बसत नसत. मी काय करावं? मी म्हटलं, कंपनीत असतील हो, शिफ्ट ड्युटी असेल, तुम्ही जाता तेव्हा झोपलेले असतील. इतकी सफाईदार थाप. त्यांनी ती खरी मानली आणि तिसऱ्यांदा गेले, मधल्या वारी, रजा टाकून, पहिली शिफ्ट सुटायच्या वेळेला. रस्त्यावर उभं राहून सायकलवरून येणाऱ्या एकेकाला विचारत होते.

हे थांबवायला हवं, असं मला वाटलं. सांगून थांबवता आलं असतं. त्याऐवजी मी केळसकरांना मारलं.

काळ्या शाईने, उजव्या हाताने, त्यांच्या मुलाच्या नावाने लिहिलं की माझे वडील काल शनिवारी हृदयविकाराने गेले, त्यांना हा कार्यक्रम फार प्रिय होता. बाप गेल्याच्या दुसऱ्या दिवशी कुठला मुलगा रेडिओला पत्र लिहायला बसतो, हेही माझ्या लक्षात आलं नाही. गुरुवारी बाईंनी ते वाचलं. मी रेडिओ बंद केला. बायको आत निघून गेली.

शुक्रवारी भाऊ आले, टपाल दिलं, पत्ता वाचला नाही. ऐकलंत ना, एवढंच म्हणाले. सोमवारी त्यांच्याऐवजी दुसराच कुणी टपाल टाकून गेला. मंगळवारी आले तेव्हा दाढी वाढलेली, डोळे ओढलेले. मी विचारलं, बरं नाही का?

"रोह्याला गेल्तो," ते म्हणाले. "काल दहावा व्हता ना त्यांचा."

शनिवारपासून दिवस मोजून ते कुंडलिका नदीच्या घाटावर जाऊन उभे राहिले होते. घर सापडलं नाही, पण दहाव्याला घरचे नदीवर येणारच, तिथे तर चुकणार नाहीत, असा त्यांचा हिशेब. पहाटेची एसटी धरून गेले होते. सकाळपासून दुपारपर्यंत दोन घरची माणसं आली. भाऊंनी दोन्हीकडे हात जोडून विचारलं, केळसकरांचे का? दोन्ही वेळेला दुसरंच कुणी. दुसरी होती ती एका म्हातारीची. माणसं थोडी होती, म्हणून भाऊ तिथेच थांबले, त्यांच्याबरोबर पिंडाला हात जोडले आणि मनात केळसकरांचं नाव घेतलं.

"चाललं असंल ना, मास्तर, असं?"

बायको आतल्या दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. सगळं कबूल करायला मी तोंड उघडलं, शपथेवर सांगतो. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "चहा घ्या, भाऊ." त्यांनी घेतला. मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण मेलो नाही. तिसऱ्या कादंबरीचा पाचवा भाग लिहायचा होता, तो लिहिला.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी त्यांनी माझ्या हातात एक पोस्टकार्ड ठेवलं. त्यांनी स्वतः लिहिलेलं. रेडिओ केंद्राच्या नावाने, टपोऱ्या अक्षरात, एकही खाडाखोड नाही. शुद्धलेखन तेवढं बघा, म्हणाले, आणि पेणच्या पेटीत नको, इथले लोक वाचतील. तुम्ही रोह्याकडे गेलात कधी तर तिकडच्या पेटीत टाका. त्यांना स्वतःला आता रोह्याला जायची इच्छा नव्हती. "त्यांच्या गावचा शिक्का पडंल त्याच्यावर," असं म्हणाले.

कार्डावर होतं:

‘अष्टमीचे श्री. केळसकर वारल्याचे ऐकून वाईट वाटले. मी टपाल खात्यात एकतीस वर्षे आहे. त्यांचे घर शोधण्यास तीन वेळा गेलो. तेथील पोस्टमन व शेजारीपाजारी, कोणासही ते नाव ठाऊक नाही. असे माझ्या नोकरीत कधी झाले नाही व याची मला लाज वाटते. आपणाकडे खरा पत्ता असल्यास कळवावा, म्हणजे घरच्यांस भेटून येईन. ते लिहीत ते सर्व माझ्या मनातले असे. ओळख झाली असती तर बरे झाले असते.’

खाली त्यांचं पूर्ण नाव, हुद्दा, गाव, तालुका, जिल्हा.

आमच्या त्या कार्यक्रमाला आलेलं हे एकमेव खरं पत्र. दोन वर्षांत, तीन कादंबऱ्यांवर, एक. आणि ते मी टाकलं नाही. टाकलं असतं तर बाईंनी वाचलं असतं, ‘कोणासही ते नाव ठाऊक नाही’ या ओळीवर थबकल्या असत्या, जुनी पत्रं काढून माझं अक्षर ताडून पाहिलं असतं. शाळेत कळलं असतं. स्टाफरूममध्ये ज्यांना मी हसवलं होतं ते माझ्यावर हसले असते. अशी सगळी कारणं होती. आज मांडायला घेतलं तर एकही धड उभं राहत नाही.

भाऊ दर शुक्रवारी विचारायचे, वाचलं नाही अजून? मी सांगायचो, पत्रं फार येतात हो, नंबर लागायला वेळ लागतो. त्यांना हे पटायचं, उलट आनंदच व्हायचा. फार पत्रं येतात म्हणजे बरंच आहे, म्हणायचे, इतकी माणसं ऐकतात. मग तिसरी कादंबरी संपली, चौथी मिळाली नाही, कार्यक्रमच बंद झाला. पुढच्या वर्षी भाऊ निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी आळीत प्रत्येक दाराशी हात जोडून गेले. माझ्याकडे त्यांनी कार्डाचंही विचारलं नाही. मला वाटलं विसरले, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हेही सांगून टाकतो, आता काय ठेवायचं.

दीड वर्षाने नवीन पोस्टमनने, जो पत्रं दाराखालून सरकवतो, जाता जाता सांगितलं की भाऊ गेले, महिना झाला. मी ते कार्ड खिशात घातलं आणि वडखळच्या एसटीत बसलो. काय करणार होतो कोण जाणे. बहुतेक त्यांच्या घरी ते देऊन पाय धरणार होतो.

घरात त्यांची बायको एकटी होती. मुलगा डोलवीच्या कंपनीत ठेक्यावर, शिफ्टला गेलेला. मी कोण ते सांगितल्यावर तिने चटकन पदर सावरला आणि खुर्ची पुसून दिली. म्हणाली, तुमचं नाव रोज असायचं घरात. दर गुरुवारी साडेसातला ते रेडिओ लावून बसायचे, अगदी शेवटच्या आजारातही. ती सांगायची, अहो, तिथे आता शेतीचं लागतं, तुमचं ते कधीच बंद झालं. ते ऐकायचे नाहीत. म्हणायचे, पत्रांना वेळ लागतो. मास्तरांच्या हातात दिलंय.

मग तिने विचारलं, "वाचलं का हो त्यांनी ते कधी? आमच्या ऐकन्यातनं सुटलं असंल."

माझा हात खिशावर होता. कार्ड दुमडू नये म्हणून मी ते वहीच्या पानांत घालून आणलं होतं.

"वाचलं," मी म्हणालो. "सगळं वाचलं."

तिने डोळे टिपले. हलकी झाल्यासारखी वाटली. मग त्या केळसकरांच्या घरी कळलं असंल, म्हणाली, लई जीव लागला व्हता त्यांना. मी म्हटलं, कळलं असेल. तिने चहा केला, तो प्यायलो, आणि चारच्या एसटीने पेणला परत आलो.